नाजूक तोंडाची घोडी आणि तीन बिटं: आठ महिन्यांनंतर

माझी घोडी अकरा वर्षांची, थरोब्रेड, शर्यतीतून उतरलेली. ठाण्यात ओवळ्याच्या बाजूला एका पागेत असते. घोडबंदर रोडला घोडी पाळली आहे म्हटलं की लोक हसतात, पण हे नावच मुळी घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. तर बाईसाहेबांचं तोंड पहिल्यापासून नाजूक. दुडकीला निघालो की मान झटकणार, जबडा उघडणार, डावीकडे वळताना डोकं वाकडं करणार. आमच्या मोतद्दार काकांचं निदान ठरलेलं: "ताई, ही तोंडाची कडक आहे. जरा जहाल बिट लावा." बिट म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा भाग, जुने लोक त्याला कडियाळं म्हणत.

तिच्यासोबत आलेलं बिट एका सांध्याचं, लूज रिंगचं, म्हणजे दोन्ही टोकांना सुट्या कड्या असलेलं होतं. लगामाच्या वाद्या ओढल्या की ते अडकित्त्यासारखं मिटतं आणि मधला कोपरा टाळूकडे उठतो. टाळू बसकी असेल तर तो थेट लागतो. शिवाय कड्या सैल फिरतात, त्यामुळे ओठाचा कोपरा मध्ये सापडून चिमटा बसायचा.

मग सगळ्यांनी सांगितलं म्हणून रबराचं जाड, सरळ दांड्याचं बिट आणलं. जाड म्हणजे मऊ, हा हिशोब मलाही पटला होता. दोन महिन्यांत तिचं वागणं आणखी बिघडलं. मिटलेल्या तोंडात जीभच एवढी जागा व्यापते की बिटाला फट उरते जेमतेम. अख्खा मोदक तोंडात ठेवून ओठ मिटायला सांगावं, तशी तिची गत. त्यात तिच्या तोंडाला लाळ कमी, त्यामुळे रबर हिरडीला चिकटून ओढायचं. शेवटी तिनेच ते चावून चावून वाट लावली.

यानंतर घोड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी होती. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे दाढा सारख्या झिजत नाहीत. वरच्यांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. आमच्या घोडीचे गाल आतून सोललेले होते. आणि डावीकडे, पहिल्या दाढेच्या पुढ्यात, हरभऱ्याएवढा एक वुल्फ टूथ, म्हणजे छोटा जादा दात! शर्यतीच्या काळात तो काढायचा राहून गेला असणार. बिट नेमकं त्याच्यावर आपटत होतं. डावीकडे वाकडं डोकं का, याचं उत्तर एका हरभऱ्यात. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन तो काढला, दाढा कानशीने घासल्या. पुढचे तीन आठवडे बिट बंद, नुसत्या साइडपुलवर, म्हणजे नाकावरून ओढ देणाऱ्या बिटाविना लगामावर काम.

त्या सुट्टीत मी माप घेतलं. लाकडी पळीचा दांडा तिच्या तोंडात आडवा धरला आणि दोन्ही ओठांच्या कडेला रबरबँड सरकवले. अंतर भरलं 123 मिमी. म्हणून 130 मिमीचं बिट घेतलं, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी जागा राहते. प्रकार एगबट, दोन सांध्यांचं, मध्ये बदामी गोलसर तुकडा, जाडी 14 मिमी, तांब्याचा मिश्रधातू. कड्या पक्क्या असल्याने ओठ चिमटत नाही, आणि दोन सांध्यांमुळे ते जिभेवरून वळसा घेऊन बसतं. घेताना एक सांभाळा: डॉ. ब्रिस्टल नावाचं बिट लांबून अगदी असंच दिसतं, पण त्याची मधली पट्टी चपटी आणि तिरकी असते, जिभेवर कडेने रुतते. दुकानदाराने मला आधी तेच "सॉफ्ट" म्हणून काढून दाखवलं होतं.

पहिल्या आठवड्यात नुसती चघळत होती. दुसऱ्या महिन्यापासून दुडकीला मान स्थिर, ओठांवर थोडा पांढरा फेस, जबडा मिटलेला. तुम्ही म्हणाल, हे दात काढल्याने झालं, बिटाचं कौतुक कशाला? मलाही तीच शंका होती. म्हणून चौथ्या महिन्यात एक दिवस जुनं एका सांध्याचं लावून पाहिलं. दहा मिनिटांत मान झटकायला लागली. उतरले आणि बदललं. दाताचा वाटा मोठा, पण सगळं श्रेय त्याचं नाही.

आता तक्रारी. तांबं मऊ, त्यावर दातांचे ओरखडे पडले आहेत, आणि सांधा आठ महिन्यांत किंचित खिळखिळा झालाय. कडेला धार धरली का, हे दर रविवारी बोटाने चाचपते. 4,800 रुपयांत हे थोडं लवकर वाटलं. स्वीट आयर्नच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या बिटाचा विचार केला होता. ते गंजतं आणि त्या चवीने लाळ सुटते म्हणतात. पण आपल्या पावसाळ्यात ते कुठवर गंजेल, या धास्तीने सोडून दिलं.

काकांना मात्र अजून पटलेलं नाही. लग्नाच्या वरातीत काटेरी लगाम लावलेला घोडा कसा गुमान चालतो, हे त्यांचं आवडतं उदाहरण. भारवाहू जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी काटे असलेला लगाम बेकायदा ठरवलाय, हे मी त्यांना सांगते. ते मान डोलावतात आणि खराऱ्याला लागतात. पण हल्ली बिट लावण्याआधी ते तळहातात धरून गरम करतात, आणि नोजबँडखाली, म्हणजे नाकावरच्या पट्ट्याखाली, नाकाच्या पुढून दोन बोटं जातात का, तेही न सांगता बघतात.

डावीकडच्या वळणावर भरधाव सोडली की डोकं अजून थोडं कलतं. जुनी सवय की दाढांना पुन्हा धार, ते दिवाळीआधीच्या तपासणीत कळेल.