चित्र पाहायला शिकताना: आधी रंग की आधी आठवण?

बडोद्यात चित्र पाहायला शिकायच्या दोन वाटा आहेत. फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांसमोर फक्त रंग पाहायचा, किंवा कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, बंगाली चित्रकार नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांपुढे आपल्या आठवणी घेऊन उभं राहायचं.

रंगाची वाट अवघड, पण पक्की. तैलरंग सावकाश सुकतो. एक छटा ओली असतानाच तिच्यात दुसरी मिसळता येते, म्हणून गालावरचा उजेड सावलीत कुठे विरला ते सापडत नाही. गोष्ट विसरा. सर्वांत उजळ जागा कोणती, तिच्या शेजारी कोणता गडद रंग ठेवलाय, सावली काळी आहे की तपकिरी, एवढंच शोधा. मग एक पाऊल पुढे जा, दोन मागे या. जरीचा काठ जवळून नुसते पिवळे-तपकिरी फटकारे होतो.

आठवणीची वाट लगेच उघडते. १९३९ ते १९४६ दरम्यान रंगवलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर गंगावतरण आहे, मीरा आहे, महाभारताचं युद्ध आहे. आजीच्या तोंडून अभिमन्यू ऐकलेल्याला ते परकं वाटतच नाही. धोका मात्र तिथेच आहे: गोष्ट ओळखली की डोळा थांबतो, आणि नंदलालांची वेगवान रेषा न पाहताच माणूस पुढे सरकतो.

मी आधी रंगच सुचवेन. रंग पाहायची सवय लागली की आठवण आपोआप येते. उलटं क्वचितच घडतं. लहान मुलं सोबत असतील तर मात्र कीर्तिमंदिर आधी, आणि त्यांना मनसोक्त ‘हा कोण?’ विचारू द्या.