कडू स्प्रे की कडेकोट बंदोबस्त? नको ते खाणाऱ्या मांजरासाठी

मांजर प्लॅस्टिक, लोकर, रबरबँड खायला लागलं की दोन उपाय समोर येतात. एक, त्या वस्तू कडू करायच्या. दुसरा, त्या वस्तू त्याच्या तोंडी लागणारच नाहीत अशी सोय करायची. दोन्ही उपाय चालतात आणि दोन्हींचे पुरस्कर्ते भेटतात. माझं माप दुसरीकडे जरा झुकतं, पण ते का, हे पाहून तुम्हीच ठरवा.

डॉक्टरांकडची पायरी झाली आहे असं धरून पुढे लिहितो. म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) झाली, हिरड्या फिकट नाहीत, दात ठीक आहेत, जंताचं औषध वेळेवर चालू आहे, आणि वय दहाच्या पुढे असेल तर थायरॉइडही पाहून झालं. मांजर एकाएकी लिटर (त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू) किंवा कुंडीतली माती चाटू लागलं तर त्यामागे ॲनिमिया असू शकतो. तिथे स्प्रेही नको आणि कुलूपही नको, आधी रक्त तपासा. दूध-पोळीवर वाढणाऱ्या मांजराचं खाणंही आधी बदला. त्याला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य मांस-मासळीतून मिळतं, पोळीत ते नसतं. सयामी आणि बर्मी मांजरांमध्ये लोकर चोखण्याची खोड मुळातच जास्त दिसते. तिथे खोड मोडण्यापेक्षा ती सांभाळून घ्यायची तयारी ठेवलेली बरी.

आता स्प्रे. बहुतेक बाटल्यांमध्ये डेनाटोनियम बेंझोएट नावाचा अतिशय कडू पदार्थ असतो. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये भूल देण्याच्या औषधांवर काम चालू असताना हा पदार्थ हाती लागला. लिटरभर पाण्यात दहा मिलिग्रॅम घातलं तरी बहुतेक माणसांना ते पाणी तोंडात धरवत नाही. वापरण्याची रीत सोपी आहे. वस्तू मांजरापासून दूर न्या, ओली होईल इतका फवारा मारा, खिडकी उघडून पूर्ण वाळू द्या आणि मगच जागेवर ठेवा, कारण बऱ्याच स्प्रेंमध्ये अल्कोहोल असतं. सुरुवातीचे दोन आठवडे रोज मारावा लागतो. चव लागली की मांजर मान झटकतं आणि फेसाळ लाळ गाळतं. घाबरायला होतं, पण थोड्या वेळात थांबतं.

कापडावर आणि लोकरीवर स्प्रे चांगला बसतो, कारण तो आत मुरतो. प्लॅस्टिकवर तो मुरत नाही. थेंब थेंब होऊन ओघळतो आणि ठिपक्यांनी वाळतो, मग मांजर कोरडी जागा शोधून तिथूनच कुरतडायला लागतं. पिशवी फाटली की आतली बाजू बिनकडूच असते. शिवाय एखाद्या मांजराला कडूचं काहीच वाटत नाही, हे बाटली विकत घेतल्यावरच कळतं.

घरगुती कडू-तिखट उपाय मात्र करू नका. निलगिरीचं तेल, टी ट्री तेल, कापूर, छातीला चोळायचा बाम, लिंबा-संत्र्याच्या सालीचं तेल, यातलं काही पंजाला लागलं की मांजर ते चाटून पोटात घेतं. अशा तेलांतली बरीच द्रव्यं मोडून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये फार कमी असते. मिरचीपूड पंजावरून डोळ्यात जाते.

स्प्रे माझ्या मनातून उतरला तो वेगळ्याच कारणाने. तो हाताला लागतो आणि हातावरून घरभर फिरतो. फवारलेली चार्जरची वायर हातात घेतली, नंतर साबणाने हात धुऊन कणीक मळली, तरी पोळीला कडवट चव येते. फोनला लागतं, पेल्याच्या काठाला लागतं, लहान मूल असेल तर त्याच्या बोटांना लागतं. हेही सोसता आलं असतं. पण त्याच हाताने मांजराची वाटी भरली की त्याच्या खाण्यालाही ती चव जाते. मांजर वास घेतं, एक दाणा चाखतं आणि वाटी सोडून जातं. उपाशी मांजर दुसरं काय शोधणार? पुन्हा प्लॅस्टिक. ज्यांना प्रत्येक वेळी हातमोजे घालायचा कंटाळा नाही त्यांना हा त्रास होणार नाही, हे मान्य. पण रोज हातमोजे घालणारी माणसं मला फारशी दिसत नाहीत.

बंदोबस्ताचं काम आधी अवघड वाटतं, पण ते एकदाच नीट करायचं असतं. कपाटं लावण्याआधी घरातल्या बारीक गोष्टींकडे बघा. दुधाच्या पिशवीचा कापलेला त्रिकोणी कोपरा ओट्यावर पडतो, त्याला दुधाचा वास असतो आणि तो गिळण्याइतकाच मोठा असतो. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा, म्हणजे तो पिशवीबरोबरच कचऱ्यात जातो. गजऱ्याचा आणि देवाच्या हाराचा दोरा, राखी, मिठाईच्या खोक्याची रिबन, केसांचे रबर, इअरबड, सुईसकट राहिलेला दोरा या सगळ्यांना झाकणाचा एक डबा ठरवून द्या. कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा आणि जड बुडाचा हवा, हलका डबा मांजर आडवा करतं. ट्रॉलीला चिकटवायचं चाइल्ड लॉक लावाल तर आधी जागा स्पिरिटने पुसा आणि एक दिवस कुलूप न ओढता राहू द्या. ओट्याजवळ तेलाचा थर असतो आणि पावसाळ्यात दमटपणाने चिकटपट्टी सुटते. तिथे स्क्रूची छोटी कडी जास्त टिकते.

दोरा आणि रिबन यांच्या बाबतीत मला दुसरा पर्यायच दिसत नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकणं त्याला जमत नाही. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं, दुसरं पुढे सरकत राहतं. आतडं त्या दोऱ्यावर नाडीवरच्या कापडासारखं चुण्या पडून गोळा होतं आणि दोरा त्याला आतून कापतो. म्हणून तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, तडक डॉक्टरांकडे न्यायचं. साध्या एक्स-रेत दोरा दिसेलच असं नाही, सोनोग्राफी लागू शकते. उरलेला तुकडा बरोबर न्या, म्हणजे किती आत गेलं याचा अंदाज येतो. इतका धोका असलेल्या वस्तूचं रक्षण नुसत्या कडू चवीवर सोपवायला माझं मन घेत नाही.

बंदोबस्ताची उणी बाजू म्हणजे तो घरातल्या सगळ्यांना पाळावा लागतो. पाहुणे आले, लहान मुलं आली, कामाच्या मावशी सुट्टीवर गेल्या की कड्या उघड्या राहतात. आणि नुसतं काढून घेतलं तर मांजर दुसरं काहीतरी शोधतं, म्हणून चघळायला काहीतरी द्यावंच लागतं. सगळ्यांत स्वस्त म्हणजे गव्हाचं गवत. मूठभर गहू रात्रभर भिजवा, दोन-तीन इंच कोकोपीट किंवा मातीच्या ट्रेमध्ये दाट पेरा, वरून मातीचा पातळ थर द्या. आठ-दहा दिवसांत चार बोटं उंची येते. पहिला ट्रे खायला दिला की दुसरा पेरा, म्हणजे खंड पडत नाही. गहू स्वयंपाकघरातला घ्या. बियाण्याच्या दुकानातला रंगीत गहू औषध चोळलेला असतो. ज्वारी चुकूनही पेरू नका, कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि त्याने गुरंसुद्धा दगावतात. गवताबरोबर दिवसाचं खाणं चार-पाच छोट्या वाटण्यांत द्या आणि झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पिसाच्या काठीने दमवा. ती काठी नंतर डब्यात ठेवा, तिलाही दोराच असतो. खाण्यात तंतू वाढवायला इसबगोल वापरायचं असेल तर किती ते डॉक्टरांना विचारा आणि ओल्या खाण्यातच मिसळा.

तरी काही वस्तू कपाटात जात नाहीत. फ्रिजची वायर, सोफ्याची शिवण, पडद्याची खालची कड. घर भाड्याचं असेल आणि कड्या ठोकायला परवानगी नसेल तर ही यादी वाढते, तिथे स्प्रेला माझी ना नाही. वायरला मात्र आधी उभी चिरलेली प्लॅस्टिकची नळी घाला आणि स्प्रे त्या नळीवर मारा, बटण बंद करून. प्लॅस्टिकवर तो ठिपक्यांनीच वाळेल, पण आतली वायर नळीने झाकलेली राहते. बाटली शंभर मिलीची पुरे. पहिल्या दिवशी जुन्या मोज्यावर मारून तो मांजरापुढे टाका आणि शेजारी बसून बघा. त्याने मोजा तसाच चघळायला घेतला तर मोठी बाटली घेऊ नका, ते पैसे कड्यांना घाला.