नांदूर मध्यमेश्वरचे पाणी अवकाशातून: दोन मोफत नकाशा-सेवांचा परखड अनुभव

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. त्याच्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि त्या गाळाच्या उथळ बेटांतून व दलदलीतून नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ घडले. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. हिवाळ्यात चापडगावच्या बाजूला दुर्बीण घेऊन उभे राहिले की कोणी ना कोणी सांगतोच, की पूर्वी पाणी पार तिकडपर्यंत असे. हे ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा आणि ‘तिकडे’ म्हणजे नेमके कुठे, याचा शोध घेण्यासाठी मी दोन मोफत सेवा काही महिने वापरल्या: युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा ‘ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर’ आणि युरोपीय संघाच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाचा ‘कोपर्निकस ब्राउझर’.

पहिल्या सेवेचे बळ तिच्या कालावधीत आहे. १९८४ पासून २०२१ पर्यंतच्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या प्रतिमा तपासून, जमिनीच्या प्रत्येक ३० मीटर चौकोनात पाणी किती वेळा दिसले, ते बारमाही होते की हंगामी, हे ती रंगांत मांडते. १९९९ पर्यंतचा काळ आणि त्यानंतरचा काळ यांची तुलना करणारा एक थर आहे, त्यात पाणी वाढले तेथे हिरवा आणि घटले तेथे लाल रंग येतो. ही तुलना त्याच त्या महिन्यांची होते, ही बाब मला फार मोलाची वाटते. नांदूरचे पाणी बंधाऱ्याच्या दरवाजांवर आणि कालव्यांच्या आवर्तनांवर चालते; एका वर्षाचा ऑक्टोबर दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलशेजारी ठेवला तर तलाव आटल्याचा भास सहज निर्माण करता येईल, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘आधी आणि नंतर’च्या कित्येक जोड्यांत महिन्याचा उल्लेखही नसतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. ३० मीटरचा एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे गाळबेटांमधल्या अरुंद चरी, जेथे पाणलावे आणि तुतवार चरतात, त्यात उमटतच नाहीत. लँडसॅट-५ वर प्रतिमा साठवून ठेवण्याची सोय नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांची नोंद विरळ आहे. २००३ च्या मे अखेरीस लँडसॅट-७ च्या यंत्रणेत बिघाड झाल्यापासून त्याच्या प्रतिमांत तिरप्या पट्ट्यांची माहिती गळालेली असते. म्हणून जुन्या काळातील एखादा रिकामा चौकोन पाहून तेथे पाणी नव्हते असे लगेच म्हणू नये.

कोपर्निकस ब्राउझर अलीकडच्या वर्षांसाठी कितीतरी सरस आहे. २०१५ पासून सुरू झालेल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहमालिकेच्या प्रतिमा त्यात १० मीटर तपशिलाने मिळतात आणि दोन उपग्रह कार्यरत असताना साधारण दर पाच दिवसांनी नवी प्रतिमा येते. ढगांचे प्रमाण ठरवून तारखा गाळता येतात, दोन तारखा एकमेकींवर ठेवून पाहता येतात, आणि नकाशावर रेघ ओढून क्षेत्रफळही मोजता येते.

मात्र याच सेवेने मला सर्वांत मोठा धडा दिला, तो ‘एनडीडब्ल्यूआय’ या जलनिर्देशांकाबाबत. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परतवते आणि जवळचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते, या फरकावर तो निर्देशांक बेतलेला आहे. पानांचे वागणे नेमके उलटे असते. ती अवरक्त प्रकाश भरपूर परतवतात. त्यामुळे जलपर्णीने झाकलेले पाणी या निर्देशांकाला पाणी वाटतच नाही. मी प्रथम केवळ जलनिर्देशांक पाहिला आणि पाणी मोठ्या प्रमाणात आक्रसल्याचे टिपून ठेवले. नंतर त्याच तारखेचा छद्मरंगी थर, ज्यात अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवतात, उघडला, तेव्हा ‘आटलेला’ भाग गडद लाल, म्हणजे दाट हिरवाईचा, निघाला. पाणी होते तेथेच होते, पण त्यावर तवंगासारखी वनस्पती पसरली होती. पाणथळाच्या दृष्टीने ही हानीच आहे, पण तिचा उपाय वेगळा आहे, आणि चुकीचे निदान घेऊन वनखात्याकडे गेलो असतो तर खरा प्रश्न मागे पडला असता. गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या, जमिनीवरची पिकेही याच लाल रंगात दिसतात. पीक कापणीनंतर नाहीसे होते आणि जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते, म्हणून एका प्रतिमेवर न थांबता त्याच हंगामातील चार-पाच तारखा पाहाव्यात.

पावसाळ्यात या प्रतिमांचा उपयोग फारसा होत नाही, कारण ढगांखालचे काहीच दिसत नाही. त्या महिन्यांसाठी त्याच ब्राउझरमधील सेंटिनेल-१ या उपग्रहांचा रडार थर उघडावा. संथ पाणी रडारचा संकेत दुसरीकडे परावर्तित करते म्हणून काळे दिसते, त्यामुळे गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर पसरले हे ढगांतूनही कळते. वाऱ्याने लाटा उठल्या किंवा पाण्यात वनस्पती उभ्या असल्या तर तो काळा रंग फिका पडतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

ढगांवरून लँडसॅट प्रतिमांची एक जोडी येथे आठवते. २५ मे आणि १० जून २०२० या दोन तारखांमध्ये लोणारचे सरोवर हिरवटाचे गुलाबी झालेले लँडसॅट-८ ने टिपले. १६ दिवसांचे ते अंतर म्हणजे त्या उपग्रहाची एकच फेरी. ढग आड आले असते तर हा बदल टिपायला आणखी १६ दिवस थांबावे लागले असते.

पाहण्यासाठी दोन्ही सेवांना पैसे लागत नाहीत; कोपर्निकसवर प्रतिमांची चलचित्रमालिका करायची असल्यास नोंदणी करावी लागते. मराठी मांडणी कोठेही नाही, आणि शाळेतल्या मुलांपुढे हे नकाशे ठेवताना ती उणीव खरोखर सलते. मोबाइलच्या लहान पडद्यावर थर बदलणे त्रासाचे होते, तेव्हा संगणकच बरा. नवशिक्यांनी आरंभ पहिल्या सेवेपासून करावा, संशयास्पद जागा हेरून दुसरीत तारखा लावून पाहाव्यात, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घेऊन एकदा काठावर जाऊन यावे. माझ्या वहीत अशा सात जागा आहेत, त्यांतील तीन ठिकाणी लाल रंग जलपर्णीचा निघाला आणि दोन ठिकाणी उसाचा. उरलेल्या दोन जागा पाणी ओसरल्यावर, येत्या फेब्रुवारीत पाहायच्या आहेत.