जीवायवाय-४१३७: संथ आहे, पण नियंत्रित म्हणावे का?

हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मेंदूत अल्प प्रमाणात तयार होतो आणि तेथे संदेशवाहकाचे काम करतो, असे आबे आणि किमुरा यांनी १९९६ मध्ये मांडले. तेव्हापासून हा वायू पेशींना मोजून कसा द्यावा, हा प्रश्न प्रयोगशाळांपुढे आहे. त्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायड्रोसल्फाइड स्वस्त असले तरी पाण्यात पडताक्षणी सगळा साठा मोकळा करते, आणि उघड्या थाळीतून वायू इतक्या लवकर उडून जातो की दुसऱ्या दिवशीच्या निरीक्षणाचा संबंध सुरुवातीच्या मात्रेशी जोडणे अवघड होते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेले जीवायवाय-४१३७ हे हायड्रोजन सल्फाइड हळूहळू सोडणारे संयुग याच अडचणीवरचे उत्तर होते. लॉसन अभिकर्मक या फॉस्फरस-गंधकयुक्त रसायनाची मॉर्फोलिन या अमाइनशी अभिक्रिया करून ते बनवतात, आणि त्यातील फॉस्फरस व गंधक यांचा बंध पाण्यात हळूहळू तुटून वायू बाहेर पडतो. पांढरट भुकटीच्या रूपात मिळणारे हे संयुग थेट पाण्यात विरघळते, ही त्याची मोठी सोय आहे, कारण वेगळ्या द्रावकाचा पेशींवर काय परिणाम झाला, हा हिशेब त्यामुळे टळतो.

माझी मुख्य तक्रार मात्र द्रावकाबद्दलच आहे. बाजारात हे संयुग बहुधा डायक्लोरोमिथेनसह स्फटिकलेल्या रूपात येते, आणि वेष्टनावरील सूत्रात त्याचे प्रमाण केवळ ‘एक्स’ असे लिहिलेले असते. द्रावकाविना शुद्ध संयुगाचा रेणुभार सुमारे ३७६.५ आहे, परंतु ‘एक्स’ ठाऊक नसताना तो आकडा वजनकाट्यापाशी फारसा उपयोगी पडत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की यकृतात डायक्लोरोमिथेनचे विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तोही संदेशवाहक वायूच आहे. म्हणजे एका वायूचा परिणाम तपासताना दुसराच प्रयोगात शिरण्याची शक्यता राहते. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी द्रावकमुक्त रूपच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायू सुटण्याचा वेग आम्लात वाढतो, आणि ७.४ सामूला तो इतका मंद असतो की पेशींच्या प्रयोगांत अनेकदा शेकडो मायक्रोमोलर मात्रा द्यावी लागते. एवढ्या मात्रेत न तुटलेले मूळ संयुग आणि उरलेला फॉस्फरसयुक्त भाग हेदेखील पेशींभोवती राहतात. त्यामुळे वायू सोडून संपलेले जुने द्रावण आणि झेडवायजे-११२२ हे तशाच रचनेचे पण गंधकविरहित संयुग हे दोन्ही तुलनेसाठी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. सुटलेला वायू मोजण्यासाठी मेथिलीन ब्लू ही रंगावर आधारलेली पद्धत वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण त्या पद्धतीतील तीव्र आम्लच संयुगातून वायू मोकळा करू शकते, आणि मग मोजलेला वायू पेशींपर्यंत पोहोचला होता की परीक्षानळीतच जन्मला, हे सांगता येत नाही.

हाच वायू देणारे इतर पर्यायही आहेत. त्यांपैकी मायटोकाँड्रियाला लक्ष्य करणारे एपी-३९ हे संयुग नॅनोमोलर, म्हणजे कितीतरी कमी मात्रेत काम करते. कार्बोनिल सल्फाइड सोडणाऱ्या नव्या संयुगांत तर ठराविक चेतक मिळाल्यावरच अभिक्रिया सुरू होते आणि कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर त्या वायूचे हायड्रोजन सल्फाइडमध्ये रूपांतर करते. त्यांतील अनेकांतून क्विनोन मेथाइडसारखे अभिक्रियाशील उपउत्पादन निघते, ही वेगळी डोकेदुखी आहे. जीवायवाय-४१३७ मध्ये असा चेतक नाही, त्यामुळे द्रावणात पडल्यावर वायू कधी सुरू व्हावा, हे प्रयोगकर्त्याच्या हाती राहत नाही. दीर्घकाळ मंद पुरवठा एवढीच गरज असेल, तर कोरड्या व थंड जागी ठेवलेली द्रावकमुक्त भुकटी आणि दर वेळी ताजे द्रावण, या अटींवर मी ते आजही निवडेन.