द्राक्षं व्यापाऱ्याला द्यायची की संस्थेला? बागेत दोन्ही करून पाहिलेल्याचं मत

जानेवारी उजाडला की आमच्या निफाड-दिंडोरीकडे घरोघरी हाच विषय. दोन-तीन एकर बाग, डोक्यावर सोसायटीचं पीक कर्ज, कृषी सेवा केंद्रातली औषधांची उधारी, आणि बांधावर उभा व्यापारी. माल त्याला द्यायचा, की सहकारी संस्थेचं किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचं (शेतकऱ्यांनीच भागधारक होऊन काढलेली कंपनी) सभासद व्हायचं? आम्ही अडीच एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांवर दोन्ही केलंय, म्हणून लिहितोय.

आधी व्यापाऱ्याची बाजू, कारण ती खरी आहे. तो बागेत येतो, दोन मणी तोंडात टाकतो, गोडी बघतो आणि जागेवर दर बोलतो. खुडणीची टोळी त्याची, क्रेट त्याचे, गाडी त्याची. विसार हातावर ठेवतो. फवारणीची वही, म्हणजे कुठलं औषध कधी मारलं याची नोंद, तो मागत नाही. चांगल्या साली त्याचा दर आम्हाला संस्थेपेक्षा वरचढच मिळाला, हे कबूल केलं पाहिजे. आजारपण, लग्न, मुलाची फी अशा वेळी हातात लगेच पडणाऱ्या पैशाची किंमत घर चालवणाऱ्यालाच कळते.

संस्थेकडे काम कडक. पॅकहाऊसमध्ये लांब टेबलावर बायका एकेक घड हातात घेतात. मण्याचा आकार बघायला गोल भोकाची पट्टी लावतात, बारीक मणी चिमट्यासारख्या कात्रीने काढतात, डाग दिसला की घड बाजूला. वर्षभर लेकरासारखी जपलेली बाग अशी चाळणीतून जाताना बघवत नाही. त्यातला काही माल लोकलला, म्हणजे इथल्याच बाजाराला पडतो आणि त्याचा दर वेगळा. पैसेही हप्त्याने येतात. पहिल्या वर्षी घरात यावरून बरीच वादावादी झाली.

खरा फरक वाईट साली कळला. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले. ठरलेला सौदा व्यापाऱ्याने फोनवरच मोडला, ‘निम्म्यात देता का’ म्हणाला. पिकलेली द्राक्षं वेलीवर किती दिवस थांबणार? दिली. शेवटच्या गाडीचा चेक वटला नाही, तो माणूस पुन्हा दिसला नाही. हे आमचं एकट्याचं दुखणं नाही. 2020 मध्ये नाशिक परिसरात द्राक्ष व्यापाऱ्यांनी बुडवलेल्या पैशांसाठी पोलिसांना खास मोहीम घ्यावी लागली होती.

त्याच वर्षीचं टाळेबंदीचं उदाहरण घ्या. ऐन हंगामात, मार्चमध्ये बाजार बंद. एकट्या शेतकऱ्याला माल फेकून देणं किंवा बेदाणा करणं, एवढंच उरलं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि त्यालाही शेड, द्राक्षं वाळवण्याआधी बुडवायचं डिपिंगचं तेल, मजूर लागतात. ज्यांच्या मागे संघटना होती त्यांच्याकडे शीतगृह होतं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या कंपनीने तर फळभाज्यांच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पोचवल्या.

एकत्र येण्याची गरज संकटांनीच शिकवली. 1991 मध्ये सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली, ती निर्यातीसाठी. एकट्या बागायतदाराला प्रीकूलिंग, म्हणजे तोडलेला माल लगेच थंड करण्याची सोय, परवडणारं नव्हतं. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडल्याने युरोपात आपला माल अडकला आणि निर्यातदारांचं कंबरडं मोडलं. त्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी सह्याद्रीची उभारणी केली. कुठलं औषध कधी थांबवायचं हे सांगणारा तज्ज्ञ, माल तुटण्याआधी रेसिड्यूची (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची) तपासणी, घाऊकात घेतलेली खतं हे एकट्याच्या खिशाबाहेरचं आहे. माझ्या मते दरातल्या दोन रुपयांपेक्षा याचं मोल मोठं.

सहकारी संस्था की उत्पादक कंपनी, हा प्रश्न त्यामानाने लहान. दोन्हीकडे एका सभासदाला साधारण एकच मत. उत्पादक कंपनीचा कायदा 2003 पासून लागू आहे. पाटी कोणतीही असो, आत काय चालतं ते बघा. दोन जुन्या सभासदांच्या घरी जाऊन चहा प्या आणि विचारा: शेवटचा हप्ता खुडणीनंतर किती दिवसांनी आला? शीतगृह स्वतःचं की भाड्याचं? नाकारलेला माल जातो कुठे? रस, बेदाणा, लोकल बाजार यांपैकी स्वतःची सोय नसेल तर वाईट साली ती संस्थाही तुमच्यासारखीच व्यापाऱ्याच्या दारात उभी राहील. वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवत नसतील, तर भाग भांडवल भरू नका. आणि गारपीट कोणतीच संस्था थांबवत नाही, पीक विमा वेगळा काढावाच लागतो.

एक गोष्ट आपल्याकडूनही हवी. दर चढला की माल गुपचूप व्यापाऱ्याला आणि पडला की संस्थेला, असं करणाऱ्या सभासदांनी चांगल्या संस्था बुडवल्यात. हे मला फार लागतं, कारण तोटा शेवटी शेजारच्याच बांधावर जातो.

एखादाच एकर असेल आणि मार्चमध्ये पैसे हातात पाहिजेतच असतील, तर यंदा व्यापाऱ्याला द्या, मात्र पैसे मोजून घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. बाग पुढची दहा वर्षं टिकवायची असेल तर संस्थेत जा. आणि जायचं ते गोडी छाटणीच्या (घड धरण्यासाठीच्या छाटणीच्या) आधी, सप्टेंबरमध्ये. जानेवारीत घड घेऊन गेलात तर फवारणीची वही कोरी असेल, आणि निर्यातीसाठी तो माल कुणालाच घेता येणार नाही.