आयरीन कारा ऐकायची असेल तर आधी 'फेम'ची एलपी घ्या

गेल्या दोन-तीन महिन्यांत मी अमेरिकन गायिका आयरीन काराच्या तीन जुन्या एलपी, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन रेकॉर्ड, जमवल्या. 'फेम' (१९८०) आणि 'फ्लॅशडान्स' (१९८३) या दोन चित्रपटांच्या, आणि तिसरी तिची स्वतःची, 'व्हॉट अ फीलिन' (१९८३). तिन्ही वापरलेल्या. 'फेम' मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर एका काकांकडे आठशे रुपयांत मिळाली, 'फ्लॅशडान्स' चौदाशेला पडली, आणि तिसरीसाठी दोन हजारांच्या वर मोजले. इतके पैसे घालताना कोणती आधी घ्यावी हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरी १९८४ साली दादाने दादरहून एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. त्या काळी दुकानदाराला गाण्यांची यादी द्यायची आणि तो कॅसेट भरून द्यायचा. वर दादाच्या अक्षरात नुसतं 'इंग्लिश डान्स' एवढंच लिहिलेलं. पहिलंच गाणं होतं 'फ्लॅशडान्स'चं. ठाण्यातल्या आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मी त्याच्यावर नाचले, आणि पुढे तीस वर्षं मुलींना नाच शिकवताना कितीतरी वेळा तेच गाणं बसवलं. गाणारीचं नाव मला ठाऊकच नव्हतं. पोस्टरवर गळा फाकलेला करडा स्वेटशर्ट घालून बसलेली मुलगीच गात असणार, अशी माझी समजूत. ती जेनिफर बील्स, चित्रपटाची नायिका. गाणारी आयरीन कारा त्या चित्रपटात कुठेच दिसत नाही.

म्हणून सगळ्यात आधी 'फ्लॅशडान्स'बद्दल. या एलपीवर दहा गाणी आहेत आणि त्यातलं फक्त एक तिचं. बाकीची लॉरा ब्रॅनिगन, डोना समर, किम कार्न्स, मायकेल सेंबेलो वगैरे मंडळींची. रेकॉर्ड उत्तम आहे, १९८३ मध्ये अमेरिकेच्या अल्बम-यादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. पण तुम्ही आयरीनसाठी घेत असाल तर पहिल्या बाजूचं पहिलं गाणं संपलं की ती गेली.

ते एक गाणं मात्र काय आहे! संगीत जॉर्जिओ मोरोडरचं, शब्द कीथ फोर्सी आणि खुद्द आयरीनचे. डोना समर मोरोडरकडे गायची, तेव्हा आपली तिच्याशी तुलना होईल म्हणून आयरीन आधी त्याच्याकडे गायला कचरत होती. तिला आणि फोर्सीला चित्रपटाचा शेवटचा ऑडिशनचा प्रसंग दाखवला, आणि शब्द बरेचसे स्टुडिओकडे जाताना गाडीतच लिहिले गेले. नाच बसवणारीच्या कानाने सांगते: त्या प्रसंगातली मुलगी सुरुवातीला घाबरलेली आहे, आणि गाणंही तसंच सुरू होतं. सुरुवातीला ताल नाही, आवाज अगदी हलका, जवळजवळ स्वतःशीच. मग ड्रम येतात आणि तोच आवाज छाती पुढे काढून उभा राहतो. माझ्या मुली त्या जागेवर दर वेळी घाई करायच्या. मी म्हणायचे, थांबा, ती बाईसुद्धा थांबली आहे बघा. कॅसेटवर तो थांबा खरखरीत बुडायचा. एलपीवर पहिल्यांदा तिचा श्वास ऐकू आला.

हे गाणं अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि १९८४ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. अभिनयाखेरीज दुसऱ्या कुठल्या विभागात ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

आता 'फेम'. पहिल्या बाजूवर सुई ठेवली की लागोपाठ तीन गाणी तिचीच, आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या समूहगीतातही ती आहे. शिवाय इथे ती दिसते! न्यूयॉर्कच्या कलाशाळेतल्या मुलांवरच्या अॅलन पार्करच्या या चित्रपटात तिने कोको हर्नांडेझचं काम केलं. आवाज ज्या मुलीचा, चेहराही तिचाच. आपल्याकडे पार्श्वगायनाची इतकी सवय की हे वेगळं असं सुचतच नाही, पण पडद्यावर स्वतःच गाणाऱ्या शांता आपटे, सुरैया यांच्या रेकॉर्ड ऐकत मोठ्या झालेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. गाताना ती पात्र सोडत नाही.

पहिलं गाणं 'फेम', सगळ्यांना माहीत असलेलं, जोरकस. मागच्या कोरसमध्ये पुढे मोठा गायक झालेला ल्यूथर व्हॅन्ड्रॉस आहे, हे कळल्यापासून मी ते दोनदा ऐकते, एकदा तिच्यासाठी आणि एकदा मागच्या आवाजांसाठी. पण एलपी घ्यायची ती दुसऱ्या गाण्यासाठी, 'आउट हिअर ऑन माय ओन'. पियानोवर बसून एकटी गाते. मायकेल गोरचं संगीत आणि त्याची बहीण लेस्ली गोर हिचे शब्द. इथे ढोल नाही, ताशा नाही, लपायला जागाच नाही, आणि ती लपतही नाही. वरच्या सुरांत आवाज थोडा चिरल्यासारखा होतो, तो तिने तसाच राहू दिला आहे. ही दोन्ही गाणी १९८१च्या ऑस्करला एकमेकांसमोर उभी होती आणि दोन्ही तिनेच तिथे मंचावर गायली. बक्षीस पहिल्याला मिळालं. मी असते तर दुसऱ्याला दिलं असतं.

विकत घेताना याच गाण्यावर रेकॉर्ड तपासा. जोरकस गाण्यात ओरखडा दडून जातो, पियानोत नाही. काकांनी न कुरकुरता त्यांच्या छोट्या प्लेअरवर लावून दाखवलं. एका जागी दोन बारीक टिकटिक येतात, तेवढं मला चाललं. 'फ्लॅशडान्स' आधी मी ऑनलाइन मागवली होती. ती वाकलेली आली, सुई होडीसारखी वरखाली व्हायची. परत घ्यायला विक्रेता तयार होईना, शेवटी महिनाभराने निम्मे पैसे मिळाले. तेव्हापासून ठरवलं, रेकॉर्ड हातात धरून, उजेडात तिरकी करून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही.

तिसरी एलपी सगळ्यांना घ्या म्हणणार नाही. 'फ्लॅशडान्स'चं गाणं हिच्यातही आहे, बाकी बहुतेक मोरोडरच्याच सिंथेसायझरवरचं. 'ब्रेकडान्स' माझ्या जुन्या विद्यार्थिनींना अजून आवडतं. मला त्या यंत्रांच्या गर्दीत तिचा गळा दबल्यासारखा वाटतो. 'व्हाय मी' मात्र चांगलं आहे.

या एलपीनंतर आयरीनची मोठी रेकॉर्ड झालीच नाही म्हटलं तरी चालेल. रॉयल्टीचे पैसे मिळाले नाहीत म्हणून १९८५ मध्ये तिने कोर्टात दावा लावला आणि १९९३ मध्ये ज्यूरीने तिला पंधरा लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. आठ वर्षं! गाणाऱ्या बाईची पंचविशी-तिशीची आठ वर्षं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात ती गेली, ६३ वर्षांची होऊन. त्या बातमीतला फोटो पाहून मला पहिल्यांदा कळलं की आपण जिच्यावर नाचलो ती ही.

एक रेकॉर्ड मी मुद्दाम घेतलेली नाही. १९७६ मध्ये, सतराव्या वर्षी, आयरीन 'स्पार्कल' चित्रपटाची नायिका होती. तीन गाणाऱ्या बहिणींची गोष्ट, संगीत कर्टिस मेफिल्डचं. चित्रपटात ती स्वतः गायली आहे. पण त्याची एलपी निघाली तेव्हा तीच गाणी अमेरिकेची थोर गायिका अरीथा फ्रँकलिन हिच्या आवाजात होती. अरीथा अरीथाच, तिच्याबद्दल मी काय बोलणार. काकांनी ती एलपी काढून समोर ठेवली तेव्हा कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिली. सतरा वर्षांच्या आयरीनचा आवाज ऐकायला चित्रपटच लावावा लागतो. गेल्या रविवारी तो लावला, आवाज वाढवला, आणि गाणी आली की डोळे मिटून घेतले.