चौदा महिने, दोन गाड्या आणि खाली न येणारा काटा

मागच्या पंधरवड्यात नव्या गाडीच्या उजव्या हेडलाइटमध्ये पाणी साचलं, आणि कित्येक महिने लांबणीवर पडलेला हा अनुभव लिहायला बसलो. दोन्ही गाड्या दोन सीटच्या, मॅन्युअल, मागची चाकं फिरवणाऱ्या. एक १९७० च्या दशकातली, दोन कार्ब्युरेटरची. दुसरी तीन वर्षांची, टर्बो. कंपन्यांची नावं देत नाही, कारण सर्व्हिस सेंटरशी वाद अजून मिटलेला नाही. वर्षभर दोन्ही चालवायच्या आणि मग एकच ठेवायची, असं ठरलं होतं. हॉर्सपॉवर, टॉर्क, शून्य ते शंभर हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. त्यात नवी कितीतरी पुढे आहे.

मला बोलायचंय ते आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या काट्याबद्दल. दुसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांपर्यंत गेलात, क्लच दाबला, एक्सलरेटर सोडला. तिसरा पडेपर्यंत काटा साडेतीन हजारांच्या आसपास यायला हवा, म्हणजे क्लच सोडताना धक्का बसत नाही. जुन्या गाडीत तो पाय उचलताक्षणी पडतो. नव्या गाडीत तो वरच रेंगाळतो आणि मग सावकाश उतरतो. घाई केली तर गाडी पुढे हिसका देते आणि क्लच घासतो. वाट बघितली तर गिअर बदलण्यातली लय जाते. ज्या कामासाठी मी मुद्दाम मॅन्युअल घेतली, नेमकं तेच काम बिघडतं.

यामागचं कारण शोधून काढलं. जुन्या गाडीत एक्सलरेटरचं पॅडल आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थेट जोडलेले असतात. नव्या गाडीत पॅडल नुसता निरोप देतं, थ्रॉटल कधी आणि किती मिटायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. थ्रॉटल एकदम मिटला की इनटेकमधला (हवा आत नेणाऱ्या नळीतला) दाब झपकन उतरतो, नळीच्या भिंतीला चिकटलेलं पेट्रोल उडून आत जातं आणि न जळताच एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. ते टाळायला ईसीयू थ्रॉटल हळूहळू मिटवतो. त्यात जड ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं दुहेरी चाक) असला तर इंजिनाचा वेग उतरायला आणखी वेळ लागतो. कारण मला पटलं, हवा सगळ्यांचीच आहे. पण हाताला ते चौदा महिन्यांत पटलेलं नाही. स्पोर्ट मोडमध्ये फरक किंचित कमी होतो. सर्व्हिसमध्ये तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा 'सगळ्या गाड्यांना असतंच' हे उत्तर मिळालं.

इलेक्ट्रिक स्टीअरिंगची मात्र मला उगाचच धास्ती होती. २०११ मध्ये पोर्शने ९११ ला ते दिलं तेव्हा जुन्या चाहत्यांनी किती नाराजी दाखवली होती! मला महिन्याभरात सवय झाली. सीट, एसी, आवाज याबद्दल तक्रार नाही.

जुनी गाडी चौथ्या महिन्यात रस्त्यात बंद पडली. इंजिन तापल्यावर मिसिंग सुरू झालं, मग झटके, मग काहीच नाही. स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) ठीक होते, म्हणून संशय त्यांच्या जोडीच्या कंडेन्सरवर गेला. टूलबॉक्समध्ये एक जास्तीचा होता. स्क्रू ड्रायव्हरने तो बदलला, फीलर गेज लावून पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर केला. पंचवीस मिनिटांत गाडी सुरू झाली. घरी परत येताना मनाशी पक्कं केलं होतं की हीच ठेवायची.

सहाव्या महिन्यात ते मत बदललं. एका वळणावर पावसात जुन्या गाडीची मागची चाकं सुटली आणि मी रस्त्याच्या कडेच्या गवतात जाऊन थांबलो. मला किंवा गाडीला काही झालं नाही. दोन आठवड्यांनी त्याच वळणावर, तसाच पाऊस, वेग थोडा जास्तच, पण या वेळी नवी गाडी. मागून किंचित घसरल्याचं जाणवलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी आपल्या रेषेत राहिली. मी काहीच केलं नव्हतं. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासवर आलं, घसरती गाडी सावरणारं ईएससी १९९५ मध्ये. माझी जुनी गाडी या दोन्हींच्या आधीची आहे. त्या दिवसापासून पावसात ती बाहेर काढलेली नाही आणि शेजारच्या सीटवर मुलाला बसवलेलं नाही. काट्याचा त्रास गिळून नवीच ठेवावी, असं ठरत आलं होतं.

मग हेडलाइट. काचेवर आतून हलकी वाफ धरणं आणि दिवा लावल्यावर ती जाणं, हे चालतं. माझ्या दिव्यात तळाला पाणी उभं होतं. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपलेली. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: दिवा सीलबंद, उघडता येत नाही, पूर्ण युनिट बदलावं लागेल, वर कंपनीच्या सॉफ्टवेअरने कोडिंग (नवा दिवा गाडीशी जुळवणं), त्याची मजुरी वेगळी. दगड लागला असेल म्हणाले. काचेवर ओरखडाही नाही, हे मी फोटो काढून दाखवलं. काही उपयोग झाला नाही.

दोन्ही गाड्यांचा खर्च मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहितोय. जुनीच्या पानावर नोंदी भरपूर: दर पाच हजार किलोमीटरला ऑइल, तेही झिंक जास्त असलेलं, नाहीतर इंजिनाच्या झडपा हलवणारे जुन्या पद्धतीचे टॅपेट घासतात. ग्रीसिंग, टॅपेट सेटिंग, इथेनॉलच्या पेट्रोलने कडक झालेले रबरी पाइप, तो कंडेन्सर. नवीच्या पानावर नोंदी मोजक्याच. पण या एका दिव्याचा आकडा जुनीच्या चौदा महिन्यांच्या बेरजेपेक्षा मोठा निघाला. मी बेरीज तीनदा केली. जुनीचा दिवा म्हणजे अमेरिकेत १९४० मध्ये ठरलेला सात इंची गोल आकार. तो आजही सहज मिळतो, चार स्क्रू काढले की हातात येतो. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं, तरी तिचा आख्खा बॉडीशेल (सांगाडा) १९८८ पासून नवा मिळतोय. माझ्या नव्या गाडीचा हा दिवा, त्याचा कंट्रोलर आणि ते कोडिंग तीस वर्षांनी कोण देणार?

त्यामुळे जुनी ठेवतोय. घरात रोजच्यासाठी तिसरी, साधी गाडी आहे म्हणून हे परवडतं. ज्यांची ही एकच गाडी असणार, जे पावसात आणि रात्री चालवणार, त्यांनी नवीच घ्यावी, आणि वॉरंटी वाढवून घ्यावी. आणि ज्यांना कार्ब्युरेटरची कटकट नको, पण काटा लगेच खाली हवा, त्यांनी नव्वदच्या दशकातल्या गाड्या बघाव्यात. १९८९ मध्ये आलेली माझदाची पहिली एमएक्स-५ घ्या: केबलचा थ्रॉटल, फ्युएल इंजेक्शन, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. मला हे दीड वर्षापूर्वी सुचायला हवं होतं.

दिवा स्वखर्चाने बदलून नवी गाडी विकायला काढली आहे. जुनीचे टायर सात वर्षांचे झालेत (बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं), ते आधी बदलणार, मग तीन ठिकाणी बांधायचे सीटबेल्ट. काल एक जण नवी गाडी बघून गेला. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर टाकताना काट्याकडे बघा, असं मी आपणहून सांगितलं. त्याने चार-पाच वेळा करून बघितलं. त्याला काहीच जाणवलं नाही. परवा तो पुन्हा येतोय.